वाटेत पाणी आहे का?

मागच्या रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. चार कोपऱ्यांवर चार वजनं: लोणच्याची बरणी, पोळपाट, मुलीची कंपासपेटी आणि शेजारच्या मास्तरांची दुर्बीण. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, त्यामुळे आईला मी कमी आणि नकाशाच जास्त दिसत होता. तिनं चष्मा वर-खाली करून पाहिला. "कुठला रे हा गड?" गड नाही, म्हटलं, इथलाच डोंगर आहे. "ट्रेकला चाललायस होय?" मी हो म्हणालो. मग तिनं गेली तीस वर्षं विचारत आलेला ठरलेला प्रश्न विचारला, "वाटेत पाणी आहे का?" आहे, म्हटलं. ती गुडघ्याच्या डॉक्टरकडे वळली, तिथून कामवालीच्या रजेकडे, आणि पाचेक मिनिटांत फोन ठेवला. माझा 'हो' मात्र तिथेच टेबलावर राहिला. खोटं म्हणावं तर तसं काहीच नव्हतं. पाठीवर सॅक, पायात बूट, तंबूत दोन मुक्काम, चढ, उतार, सगळं ट्रेकचंच. फक्त नकाशावर पेन्सिलीनं मारलेल्या फुल्या देवळांच्या नव्हत्या की टाक्यांच्या नव्हत्या. मे महिन्यात अस्वलं कोवळं गवत खायला ज्या उतारांवर बाहेर येतात, त्या उतारांच्या होत्या.

आम्ही अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉयसीला आलो त्याला नऊ वर्षं झाली. शेजारचे गृहस्थ इथल्या एका हायस्कुलात सुतारकाम शिकवायचे, आता निवृत्त आहेत. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणतो आणि घरातही तेच नाव रुळलंय. बर्फ पडलं की आमच्या दारातलं बर्फ आधी ओढणारे, दिवाळीच्या चकल्या मोडून बघणारे, कमी बोलणारे. दरवर्षी वसंतात आयडाहोच्या उत्तरेकडच्या डोंगरात काळ्या अस्वलाच्या शिकारीला जातात. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा नेहमीचा जोडीदार दुसऱ्या राज्यात राहायला गेला. मार्चमध्ये एकदा कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "तू डोंगरातला माणूस आहेस असं तुझी बायको सांगत होती." मला वाटलं कौतुक चाललंय. पुढच्या वाक्यात खुलासा झाला: बंदूक त्यांची, टॅग (म्हणजे एक अस्वल मारायचा परवाना) त्यांचा, पाठ माझी.

म्हणजे हमालीच. पण हो म्हणायला मला दोन दिवससुद्धा लागले नाहीत, आणि त्याचं कारण हा नकाशा. उंचीच्या दर चाळीस फुटांवर एक रेघ अशा रेघांचा तो कागद मास्तरांनी उलगडला आणि एकदम पुण्यातली आमची जुनी खोली आठवली. एका मित्राच्या काकांकडून मिळवलेल्या टोपोशीटची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, शेवटी रेघा कुठल्या आणि झेरॉक्स मशिनची घाण कुठली हे कळेनासं झालेला कागद, त्यावर चार डोकी वाकलेली. इथला नकाशा स्वच्छ, हिरवा-पांढरा. पण मी बघताक्षणी बोट ठेवून म्हटलं, ही सोंड, ही घळ, इथे खिंड आहे, या धारेवरून आडवं जाता येईल. मराठीतच म्हणालो. मास्तरांना शब्द कळले नाहीत, बोट कळलं. "तिथून नको," ते म्हणाले, "तिथे १९१० च्या आगीनंतर वाढलेली झुडपं आहेत, हात घातला तर कोपरापर्यंत दिसत नाही." १९१० चा वणवा इथे लोक काल-परवाचा असल्यासारखा सांगतात. दोन दिवसांत तीस लाख एकरांच्या आसपास जंगल गेलं. त्या राखेतून उगवलेल्या झुडपांवर आज अस्वलं पोसली जातात आणि आम्ही टेबलाशी बसून त्या झुडपांना टाळायची वाट शोधतोय.

जागा लॉक्सा नदीच्या दक्षिणेला. बॉयसीहून उत्तरेला निघायचं, रिगिन्सजवळ सॅमन नदीचा पूल ओलांडला की घड्याळ तासभर मागे करायचं, कारण राज्याच्या वरच्या टोकाची वेळच वेगळी आहे. (मास्तर हा तास 'अस्वलानं दिलेला' म्हणून मोजतात.) पुढे कूस्कियापासून हायवे १२ नदीच्या काठानं वर चढत जातो. लॉक्सा मे महिन्यात बर्फाच्या पाण्यानं दुथडी भरून धावते, रंग साबणाच्या पाण्यासारखा. झुलत्या लाकडी पुलावरून पलीकडे उतरलं की सेल्वे-बिटररूटचं राखीव रान सुरू होतं. तिथे गाडी नाही, सायकल नाही, ढकलगाडीसुद्धा नाही. वाटेवर आडवं पडलेलं झाड कापायला वनखात्याचे लोकही हातकरवतच नेतात. १९६४ च्या कायद्यात अशा जागेची व्याख्याच अशी केलीय की माणूस इथे पाहुणा आहे, राहायला आलेला नाही. वाचायला फार छान वाटतं. पण नदीच्या उत्तरेकडच्या धारांवरून इथले मूळ रहिवासी, नेझ पर्स लोक, पिढ्यान् पिढ्या बायसन (अमेरिकेतले रानगवे) मारायला पलीकडच्या मैदानात जात-येत होते, १८७७ साली फौज मागे लागलेली असताना बायकापोरांसकट तिथूनच निसटले. त्यांच्या वाटेवरची खूण असलेल्या नकाशावर 'पाहुणा' हा शब्द मला जरा जड जातो. सह्याद्रीत असं कधी वाटलं नाही. तिथे कितीही आडरानात गेलं तरी वाट कोणाची तरी असते, धनगराची, लाकूडफाट्याला येणाऱ्या बायकांची, आणि पदरात एखादं घर असतं जिथे ताक मिळतं. इथे झुलता पूल संपला की ताक संपलं.

तर आखणी. मला वाटत होतं शिकारीची आखणी म्हणजे अस्वल कुठे सापडेल याचा विचार. ते मास्तरांनी अर्ध्या तासात उरकलं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरचं बर्फ आधी वितळतं, तिथे गवत आधी फुटतं, गुहेतून उठलेलं अस्वल तिथे गाईसारखं चरतं. आपण समोरच्या उतारावर दुर्बीण लावून बसायचं. मग वारं. सकाळी घळीतली थंड हवा खाली वाहते, ऊन तापलं की वर चढायला लागते, सूर्य कलला की पुन्हा खाली. अस्वलाच्या नाकापुढे आपला काही पाड नाही, तेव्हा सकाळची बैठक वेगळी, संध्याकाळची वेगळी. एवढं झालं आणि मास्तरांनी नवा कागद घेतला. उरलेले तीन रविवार आम्ही फक्त गोळी सुटल्यानंतरचंच बोलत होतो.

पलीकडचा उतार सरळ रेषेत तीनशे यार्ड. गोळीला एक क्षणही लागत नाही. आपल्याला तिथे पोचायला घळीत उतरून, ओढा ओलांडून, पुन्हा वर चढून किती वेळ? मी रेघा मोजल्या. आठशे फूट खाली, सहाशे वर, मध्ये पडलेली झाडं. अडीच तास, म्हटलं. मास्तरांनी तीन लिहिले. म्हणजे सूर्यास्ताआधी चार तासांच्या आत दिसलेल्या त्या उतारावरच्या अस्वलाकडे नुसतं बघायचं. "पोचता येणार नाही त्यावर झाडायची नाही," हा त्यांचा पहिला नियम. ओढ्याचं गणित आणखी निराळं. बर्फाच्या पाण्याचा ओढा पहाटे उतरलेला असतो, दिवसभर वर वितळलेलं पाणी संध्याकाळी खाली पोचतं. सकाळी गुडघाभर असलेल्या पाण्यात परतताना मांडीपर्यंत बुडायचं, तेही पाठीवर ओझं घेऊन. आपल्याकडे पावसाळ्यात ओढा फुगला की काठावर बसून उतरायची वाट बघतात, इथे रात्र झाल्याशिवाय उतरतच नाही. मग ओझं. मधल्या चणीचं अस्वल दोनशे पाउंडांचं धरा. हाडं सोडवली की मांस सत्तर पाउंडांच्या आसपास. डोकं आणि कातडं मिळून चाळीस. तंबू, पथाऱ्या, दोर, जेवण वेगळं. मास्तरांच्या गुडघ्याला डॉक्टरांनी तीस पाउंडांची मुभा दिलीय. उरलेलं माझ्या नावापुढे. कागदावर माझं नाव, त्यापुढे बाण, बाणापुढे आकडा, त्याखाली दोन फेऱ्या.

हे सगळं मला भयंकर आवडत होतं. तेच तर खुपतंय.

एखाद्या जनावराचं वजन आपण ते जिवंत असताना, पाचेक तासांच्या गाडीच्या रस्त्यापलीकडे ते कुठेतरी गवत चघळत असताना, हाडं वजा करून कागदावर मांडतो, आणि मांडताना जीभ दातांत धरून हातचा घेतो. वेळापत्रक जुळलं की टाळी देतो. रविवारी रात्री झोपताना माझ्या डोक्यात अस्वल नसायचंच. ओढा असायचा, दोर असायचा, पहिली फेरी दुपारी दोनला निघाली तर दुसरी कधी, हे असायचं. राजगडाहून तोरण्याला जाताना शेवटची एसटी गाठायचं जे गणित असायचं, तेच. मी मारणार नाहीये, मला मारायची इच्छाही नाही, असं मी बायकोला दोनदा सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "मला कुठे विचारायचंय काही? तूच सांगतोयस सारखं."

अस्वलाचा केस मी गळ्यात बांधून हिंडलेलो आहे. १९८२ च्या सुमाराचं असेल, मी चार वर्षांचा. रात्री दचकून उठायचो म्हणून आईनं दारावर आलेल्या दरवेशाला थांबवलं. डमरूचा आवाज आधी गल्लीच्या तोंडाशी आला, मग वास, भिजलेल्या गोणपाटासारखा, मग ते स्वतः. नाकातून दोर ओवलेला. तोंडाला चामड्याची पट्टी. दरवेशानं मला काखेत धरून उचललं आणि त्याच्या पाठीवर बसवलं. केस किती राठ होते ते माझ्या मांड्यांना अजून आठवतं, आणि खाली काहीतरी गरम, हळूहळू वर-खाली होणारं. मी रडलो नाही, असं आई सांगते. मला आठवतं त्याप्रमाणे आवाजच फुटला नव्हता. मग त्यानं अस्वलाच्या मानेवरचा एक केस उपटला, तांब्याच्या ताइतात घातला, आईनं दोन रुपये दिले. शाळेत जाईपर्यंत तो ताईत गळ्यात होता. अस्वलाच्या केसानं पोर धीट होतं म्हणतात. त्या अस्वलाचे सुळे मोडलेले असणार आणि नाकातला दोर ते पिल्लू असताना लाल तापलेल्या सळईनं भोक पाडून ओवलेला असणार, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आईला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आताही मी सांगितलेलं नाही.

आणि शिकारीचं म्हणाल तर आई मुळीच भाबडी नाही. तिचं माहेर राजापूरकडचं. मामांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलिस ठाण्यात नेऊन जमा करायची, निकाल लागला की आणायची, या फेऱ्यांनाच मामा वैतागलेले असत. भातात डुक्कर पडायला लागलं की गाव पारधीला निघे. पोरं आणि गडी हाके घालत रान उठवायचे, बंदूकवाले वाटा धरून बसायचे. मला न्यायचे नाहीत. पण संध्याकाळी खळ्यात सागाच्या पानांवर मांडलेले वाटे मी पाहिलेत. हाके घालणाऱ्याला एक, बंदुकीला एक, ज्याच्या शेतात पडलं त्याला एक, आणि एक वाटा न आलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना. सगळं हळू आवाजात, कारण परवाना शेत राखायचा होता, पारधीचा नव्हे. आई माहेरी गेली की तो वाटा चवीनं खायची आणि पुण्याच्या घरी परतल्यावर त्याचं नाव काढायची नाही. तेव्हा तिला धक्का बसेल म्हणून मी ट्रेक म्हणालो, असं काही नाही. डुकरानं भात लोळवलेलं असतं. मामांच्या बंदुकीमागे मोडलेली शेती होती. या अस्वलानं मास्तरांचं काय घोडं मारलंय, असं आईनं विचारलं असतं, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

मास्तरांजवळही सरळ उत्तर नाही, आणि ते तसं सोंगही आणत नाहीत. मांस लागतं, म्हणतात. चरबी वितळवून वर्षभर त्यात बिस्किटं करतात, ती मी खाल्लीत, लोण्याहून खुसखुशीत होतात. आमिष लावायला त्यांचा विरोध आहे. आयडाहोत परवाना काढून पिंपात शिळे डोनट भरून अस्वलाची वाट बघत बसता येतं. शेजारच्या वॉशिंग्टनात आमिष आणि कुत्रे १९९६ साली मतदानानं बंद झाले, आणि २०२२ मध्ये तिथल्या वन्यजीव आयोगानं वसंतातली शिकारच थांबवली. का थांबवली, यावर मास्तर आणि मी एकदा गॅरेजमध्ये बोललो. पिल्लं जानेवारीत गुहेत जन्मतात, वसंतात आईच्या मागे असतात, कधी आई त्यांना झाडावर चढवून चरायला एकटीच पुढे जाते. पिल्लं असलेली मादी मारायला बंदी आहे, पण झाडावरची पिल्लं तीनशे यार्डांवरून दिसायला हवीत ना. म्हणून त्यांचा दुसरा नियम: एकटं दिसलेलं अस्वल घड्याळ लावून तासभर बघायचं. तासानंतरही शंका असेल तर? "मग दुर्बीण पुसायची," म्हणाले. या माणसाला गेल्या सहा वर्षांत दोनच अस्वलं मिळालीत, याचा अर्थ मला तेव्हा लागला.

तिसरा नियम ओळखीचा. काळं अस्वल हे नावच फसवं. ते तपकिरी असतं, दालचिनीच्या रंगाचं असतं, कधी वाळल्या गवतासारखं पिवळटही. उलट ग्रिझली, म्हणजे अस्वलाची दुसरी, मोठी जात, गडद असू शकते. म्हणून रंग बघायचाच नाही. कान बघायचे, चेहऱ्याची रेघ बघायची, आणि खांदा. ग्रिझलीला खांद्यावर बैलासारखं वशिंड असतं. शेजारच्या मोंटानात अस्वलाचा परवाना हवा तर आधी ही ओळखीची परीक्षा ऑनलाइन द्यावी लागते. मास्तरांनी मला तिच्या सरावाला बसवलं. पहिल्या खेपेला तीन फोटो चुकले. वशिंडासाठी बैल पाहिलेला माणूस मी, तरी चुकलो, कारण डोकं खाली घालून चरणाऱ्या कुठल्याही अस्वलाचा खांदा वर येतोच. मला हसू आलं, मास्तर हसले नाहीत. २००७ साली याच मुलखात, क्लिअरवॉटर नदीच्या उत्तर फाट्याकडे, एका शिकाऱ्यानं काळं समजून मारलेलं अस्वल ग्रिझली निघालं. ग्रिझली कायद्यानं संरक्षित, आणि या डोंगरांत १९४६ नंतर त्याची पक्की नोंदच नव्हती. साठ वर्षांनी एक कुठूनतरी चालत आलं आणि ते आहे हे लोकांना ते मेल्यावर कळलं.

दुसऱ्या खेपेला माझा एकच फोटो चुकला. मास्तरांनी तिसऱ्यांदा बसवलं.

खाण्याच्या भानगडीत बायको मध्ये पडली. ती शाकाहारी, पण घरात काय शिजतं त्यावर तिचंच राज्य. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेलाचे जंत असू शकतात आणि त्यांची थंड प्रदेशातली जात फ्रीझरला दाद देत नाही. मांस आतपर्यंत १६० फॅरनहाइटला शिजलंच पाहिजे. तिनं सरकारी आरोग्य खात्याचा अहवाल शोधून काढला. २०२२ मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाच्या मेळाव्यात कॅनडातून आणलेल्या काळ्या अस्वलाचे कबाब केले. मांस दीड महिना फ्रीझरमध्ये होतं. गडद रंगामुळे कच्चं राहिलंय हे लक्षात आलं नाही. सहा जण आजारी पडले, आणि त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्याच्याबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. "बघ," ती म्हणाली, "भाज्या खाणाऱ्यांनासुद्धा सुटका नाही." मग तिनं अटी घातल्या. वेगळा तवा, वेगळी सुरी, अंगणातली शेगडी, आणि थर्मामीटर मास्तरांनी आणायचा. मास्तरांनी त्या अटी कागदावर माझ्या ओझ्याखाली क्रमांक घालून लिहिल्या.

परवा त्यांनी मांसाच्या पिशव्या आणून दिल्या. जाड सुती कापडाच्या, सहा. कातडं लगेच काढायचं, मांस मोकळं करून यात भरायचं, ओढ्याकाठी सावलीत टांगायचं. चरबीचा थर गरम राहिला तर मांस काही तासांत वाया जातं. आधी धुवायच्या, पण साबणाला वास नको. मी गरम पाण्यातून काढून मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातल्या. मागच्या शिकारीचे डाग गेले नव्हते, फिकट चहासारखे झाले होते. वाऱ्यावर सहाही पिशव्या फुगायच्या, रिकाम्या व्हायच्या. मी बराच वेळ तिथे उभा होतो. तीन रविवार कागदावर जे मावत होतं त्याचा आकार पहिल्यांदाच दिसत होता. एकेक पिशवी पाठीवर बसवलेल्या चार वर्षांच्या पोराएवढी.

आणि नेमका तेव्हाच आईचा फोन. तिच्याकडे रात्र झालेली, मी अंगणात. "एवढे अभ्रे कोणाचे रे? पाहुणे येऊन गेले?"

अभ्रे नाहीत, म्हटलं. मांसाच्या पिशव्या आहेत. अस्वलाच्या. आणि उभ्या-उभ्या सगळं सांगून टाकलं, मास्तर, गुडघा, टॅग, ओझं. ती ऐकत होती. पडद्यावर फक्त तिचं कपाळ आणि पंखा दिसत होता, फोन नीट धरायला ती कधीच शिकली नाही.

"म्हणजे मारलं?"

"नाही अजून. पुढच्या शुक्रवारी निघायचंय."

"मग पिशव्या धुतल्यास त्या?"

"आधी धुवून ठेवाव्या लागतात."

"बाजारात तुरी," आई म्हणाली, आणि म्हण पुरी करायच्या आधीच तिला हसू फुटलं. मलाही आलं. हसता-हसता तिचा फोन आणखी वर गेला, आता नुसता पंखाच. दाराच्या कडीचा आवाज आला, ती झोपायची तयारी करत होती. मला वाटलं ताइताचं काढेल. नाही काढलं. घोडं मारल्याचंही विचारलं नाही. थोड्या वेळानं लांबून आवाज आला.

"वाटेत पाणी आहे ना पण?"

आहे, म्हटलं. संध्याकाळी जास्त असतं.